कारभारी कच्चं खातो

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र ट्रकमधून कांद्याच्या पोत्याखाली दबून आलं. उघडल्यावर डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यामुळे, तुझ्या लिखाणामुळे नव्हे, उगाच फुशारून जाऊ नकोस.

कारभारी अजून अंग खाजवतोय हे वाचून मात्र वाईट वाटलं. पाठीवर टक्कल पडलंय म्हणतेस. कुत्रा माझा आणि खस्ता तू खातेस. मी बोगद्याच्या कामावर निघालो तेव्हा तो माझ्या बुटांवर बसून राहिला होता, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पण आता उपाय सापडलाय. इथे नवे इंजिनियर साहेब आलेत, ते आपल्या दोन्ही कुत्र्यांना कच्चं मांस घालतात. शिजवलेलं शीतसुद्धा नाही. त्यांचं म्हणणं, कुत्र्याचं पोट म्हणजे लांडग्याचं पोट. आपण त्यात भात कोंबतो आणि मग खाज सुटली की डॉक्टरकडे पळतो.

तर उद्यापासून भात बंद. कच्चं मांस, मऊ हाडं, थोडी कलेजी. हळूहळू वगैरे नको. तू हळूहळू म्हणालीस की ती गोष्ट कधीच होत नाही.

इथे फोनला रेंज नाही हे एका परीनं बरंच आहे. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, पत्रात निदान तू मला वाक्य पुरं करू देतेस. दिवसभर बोगद्यात मोजणी आणि संध्याकाळी जेवणघरात तीच तोंडं, तेच पत्ते. तेव्हा सविस्तर लिही. आणि छापखान्यात लोकांच्या चुका काढतेस तशा माझ्या पत्रातल्या काढू नकोस.

तुझा, अर्ध्या डोंगराखालून,
बाबू

१५ फेब्रुवारी

बाबूराव,

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तू डोंगरात बसून हुकूम सोडायचा आणि मी खाटकाच्या दुकानात रांगेत उभं राहायचं.

खाटकानं विचारलं, "किती माणसं जेवायला?" मी म्हटलं, "माणसं नाहीत, आमचे कारभारी आहेत. कच्चंच खाणार आहेत." तो माझ्याकडे बघतच राहिला. सुरीसुद्धा त्यानं बाजूला ठेवली. नंतर माझ्या लक्षात आलं की त्याला वाटलं, मी नवऱ्याबद्दल बोलतेय. पुढच्या वेळी मी दुसऱ्या दुकानात जाणार आहे.

कारभाऱ्यानं तुकडा हुंगला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला आणि तोंडात धरून सोफ्यामागे गेला. मला वाटलं, जिंकलो. थोड्या वेळानं तुकडा माझ्या चपलेत सापडला. चुकून आपल्याला वाढलंय, परत करावं, असं त्याला वाटलं असणार.

शेवटी भुकेपोटी खाल्लं आणि पोट बिघडलं. त्याचं वर्णन करत नाही, कारण तू जेवता जेवता पत्र वाचतोस. मी फरशी पुसत होते आणि तो कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता, सगळा गुन्हा त्याचाच असल्यासारखा. मला फार अपराधी वाटलं रे. तू पुन्हा एकदा विचार कर. नाहीतर मी डॉक्टरांना विचारू का?

तुझी, साबणानं हात धुऊन दमलेली,
ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

चपलेचा किस्सा ऐकून जेवणघर हसून लोळलं. हो, वाचून दाखवला. इथली पद्धतच आहे. ट्रक आला की ज्याला घरचं पत्र येतं त्यानं त्यातलं सांगण्यासारखं मोठ्यानं वाचायचं. ज्यांना पत्र येत नाही त्यांच्याही वाट्याला थोडं घर येतं. खाटकावर तर दोन जणांना ठसका लागला. तुझ्या पुढच्या पत्राची सगळे वाट बघतायत.

पोट सुरुवातीला बिघडणारच. साहेब म्हणतात, जुनं विष बाहेर पडतं. डॉक्टरांना विचारायची काही गरज नाही. आणि राग मानू नकोस, पण तुझं हे नेहमीचंच आहे. पोहायला शिकायला गेलीस आणि पाण्यात पाय बुडवून परत आलीस. गाडी शिकलीस ती रिव्हर्सपर्यंत. निदान या मुक्या जिवासाठी तरी एक गोष्ट शेवटपर्यंत ने.

बाबू

७ मार्च

बाबू,

घे, वाचून दाखव तुझ्या जेवणघराला. कारभारी कच्चं खातो!

आता वाटी खाली ठेवायचा अवकाश. हाडं अशी कडाकडा फोडतो की शेजारच्या वहिनींनी विचारलं, "घरात सुतार आलाय का?" खाज थांबली. पाठीवरच्या टकलावर मऊ तपकिरी लव उगवलीय. दात स्वच्छ झालेत. जिना चढताना मध्ये बसायचा ना, आता माझ्या आधी वर पोचून माझी वाट बघतो. परवा उन्हात बसला होता तेव्हा अंग असं चकाकत होतं की रस्त्यावरून जाणारे दोघंतिघं थांबले आणि विचारू लागले, याला काय घालता?

कबूल करते, तुझं बरोबर होतं. पोहण्याचं काढलंस ते लागलं मला. पण बघ, या वेळी अर्ध्यावर सोडलं नाही.

तुझी, शेवटपर्यंत नेणारी,
ताई

१७ मार्च

ताई,

शाब्बास! अगदी मनापासून शाब्बास! सुताराचा प्रसंग मला दोनदा वाचायला लावला.

आणि ऐक, तुझ्या पत्रानं इथे एक मोठं काम केलंय. आमचे आचारीकाका आहेत, साठीच्या पुढचे. त्यांचं या जगात कोणी नाही, एक म्हातारी कुत्री सोडून. तिचं नाव बाईसाहेब. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना ती ट्रकमध्ये पुढे काकांच्या शेजारी बसते आणि आम्ही मागे सामानात. तिचं जेवण आमच्याआधी, वेगळ्या पातेल्यात शिजतं. आमचा भात करपला तरी तिचा कधी करपत नाही. पण हल्ली ती मागच्या पायानं लंगडते, अंगावर गाठी आल्यात.

मी पत्र वाचत होतो तेव्हा काका पळी हातात धरून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी तिला शिजवून शिजवून मारतोय म्हणायचं?" मी म्हटलं, "तसं नाही हो, पण अजून वेळ गेलेली नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिचं पातेलं घासून माळ्यावर टाकलं. स्वयंपाक करणारा माणूस आणि त्यानं आपल्याच कुत्रीची चूल बंद केली! मानलं पाहिजे.

बाईसाहेब अजून खात नाहीत. चुलीपाशी जाऊन बसतात आणि काकांकडे बघतात. काका पाठ फिरवून भाजी चिरत राहतात. मी धीर देतो, "काका, ताईच्या कारभाऱ्यानंसुद्धा आधी चपलेत नेऊन ठेवलं होतं. आता बघा."

काकांनी तुला नमस्कार सांगितलाय.

बाबू

२६ मार्च

बाबू,

तुझं पत्र आजच मिळालं, लगेच लिहितेय.

बाईसाहेबांना घाई करू नका. त्या म्हाताऱ्या आहेत. प्रत्येक जनावराची प्रकृती वेगळी असते. कारभारी तरुण आहे, त्याला चाललं म्हणून सगळ्यांना चालेल असं नाही. मला तर वाटतं, त्यांना पहिलंच चालू ठेवावं. आणि हाडं तर देऊच नका. काकांना सांग, ताईनं मुद्दाम कळवलंय.

छापखान्यात शाळेच्या पुस्तकांचं काम आलंय, मान वर करायला फुरसत नाही. कारभारी ठीक आहे.

ताई

५ एप्रिल

ताई,

बाईसाहेब गेल्या.

इतके दिवस नुसतं चाटून सोडायची, शेवटचे दोन दिवस तर काहीच खाल्लं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भुकेनं हाडाचा तुकडा न चावताच गिळला, दात तरी कुठे होते तिला. तो आत अडकला. साहेबांनी गाडी काढली, पण खालच्या गावातल्या डॉक्टरपर्यंत पोचायच्या आतच संपलं. काकांनी तिला मांडीवर घेतलं होतं. मी मागच्या सीटवर होतो.

तुझं पत्र त्याच्या आधीच आलं होतं. मी वाचूनही दाखवलं. काका म्हणाले, "ताईंचं मन हळवं आहे. पण त्यांचा कारभारी बघा ना कसा झालाय." आणि मलाही वाटलं, तू नेहमीसारखी घाबरलीस. म्हणून तसंच चालू ठेवलं.

वाईट याचं वाटतं की काका स्वतःलाच दोष देतायत. "मीच उशीर केला," म्हणतात. "माझ्या शिजवलेल्यानं ती आतून पोखरली होती. कारभाऱ्यासारखं वेळेवर सुरू केलं असतं तर वाचली असती." परवा जेवण वाढताना मध्येच थांबले आणि मला विचारलं, "माझ्या हातचं तुम्हा लोकांना तरी बाधत नाही ना?" मी ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काही चुकलेलं नाही. तुझ्यामुळे त्यांनी निदान प्रयत्न तरी केला.

बाबू

११ एप्रिल

बाबू,

माझंच चुकलंय. हे पत्र एकट्यानं वाच.

कारभारी कच्चं खात नाही. कधीच खाल्लं नाही, ते पहिले काही दिवस सोडले तर. तू पोहण्याचं काढलंस ते पत्र आलं, त्याच्या आधीच मी त्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. त्याच्या गोधडीत पिसवा झाल्या होत्या, बाकी काही नाही. त्यांनी मानेवर टाकायचं औषध दिलं, गोधडी जाळायला सांगितली. कच्चं काही कुत्र्यांना मानवतं, याला मानवत नाही, नेहमीचं शिजवूनच घाला म्हणाले. हे मी तुला लिहिणारच होते. तेवढ्यात तुझं पत्र आलं.

बाबू, आयुष्यात एकदा तुझ्या तोंडून शाब्बास ऐकायचं होतं मला. त्यात ते जेवणघर. एवढी माणसं माझ्या पत्राची वाट बघतायत म्हटल्यावर मी हुरळून गेले. ज्या दिवशी 'कारभारी कच्चं खातो' असं लिहिलं, त्या दिवशी शेगडीवर त्याचा कोंबडी-भात रटरटत होता, आणि वाफेनं कागद ओला होऊ नये म्हणून मी टेबल खिडकीशी ओढून घेतलं होतं. सुतार मी बनवला. शेजारच्या वहिनी तर तेव्हापासून आजतागायत माहेरी आहेत. केसांची चमक खरी होती, त्याचं कारण खोटं होतं.

आणि हे तरी एक वेळ समजून घेशील, पण पुढचं मलाच समजत नाही. बाईसाहेबांबद्दल वाचलं. मी लिहायला बसले. 'मी खोटं बोलले' हे पहिलंच वाक्य लिहिलं आणि तो कागद फाडला. मग प्रकृती वेगळी, ताईनं मुद्दाम कळवलंय, असलं गुळमुळीत काहीतरी पाठवलं. दुसऱ्यांच्या चुकांभोवती दिवसभर लाल गोल काढते मी. तुझ्या हेड ऑफिसचा नंबर माझ्या पर्समध्ये आहे. एक फोन केला असता तर त्यांनी वायरलेसवरून संध्याकाळच्या आत निरोप पोचवला असता. केला नाही, कारण फोनवर ते मोठ्यानं बोलावं लागलं असतं. माझी लाज वाचावी म्हणून मी ती म्हातारी कुत्री उपाशी राहू दिली.

आता जेवण वाढताना कारभारी शेपूट हलवतो आणि मला तिकडे बघवत नाही.

काकांना सांग. त्यांचं शिजवलेलं बरोबर होतं, हे त्यांना आजच्या आज सांग. माझं नाव घेऊन सांग.

ताई

२२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. पहिले काही दिवस लिहायला बसलो असतो तर जन्मभर पुरेल असं काहीतरी लिहून गेलो असतो. म्हणून बसलो नाही.

रागावलो आहे, अजूनही. पण रागावून कुणावर खापर फोडू? तुझ्या पत्रात नव्हतं ते मी पदरचं घातलं. 'दोन दिवस काहीच देऊ नका, भूक लागली की आपोआप खाईल,' हे मीच सांगितलं काकांना. आणि तिनं खावं म्हणून हाड तिच्या पुढ्यात ठेवलं ते माझ्या हातानं. काका भाजी चिरत होते. हे मी तुला लिहिलं नव्हतं.

पण काकांना सांगायचं नाही. मी खूप विचार केलाय. ते आता कुठे जरा सावरलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगून कुत्री परत येणार आहे का? शिवाय मला इथे अजून वर्ष काढायचंय, दोन वेळ त्यांच्याच हातचं खायचंय. कसा खाऊ? तूच सांग.

पुढच्या पत्रात कारभाऱ्याबद्दल काही लिहू नकोस. मी लोकांना सांगितलंय, ताई कामात आहे.

बाबू

१ मे

आचारीकाका,

आपली भेट नाही. मी बाबूची मोठी बहीण. हे पत्र तुमच्याच नावानं पाठवतेय, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही.

माझा कुत्रा कच्चं खातो हे मी लिहिलं ते खोटं होतं. तो शिजवलेलं खातो. रोज मी स्वतः शिजवते. त्याची खाज औषधानं गेली. मी भावाकडून कौतुक करून घ्यायला खोटं लिहिलं आणि तुम्ही ते खरं मानलंत. नंतर मला कळलं की तुम्ही बाईसाहेबांचं जेवण बंद केलंय, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेळ होती.

तुमच्या जेवणानं तिला काहीही झालेलं नाही. इतक्या वर्षांची झाली ती तुमच्याच जेवणावर. तुमचा उशीर झाला नाही, तुमची चूक झाली नाही. चूक माझी.

क्षमा मागायला हे लिहीत नाही. तुम्ही आपल्या हातच्या स्वयंपाकाला बोल लावताय असं कळलं, तेवढं थांबावं म्हणून लिहितेय. उत्तराची अपेक्षा नाही.

ताई

१४ मे

ताई,

पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, चुका असतील.

हे पत्र मी जेवणघरात वाचलं नाही. तुमच्या भावाला मात्र बाजूला बोलावून वाचायला दिलं. तो रडला. हाड आपण ठेवलं म्हणाला. मला ते माहीत होतं, मी तिथेच होतो. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलतच नाही. जेवायला वाढतो. उपाशी कुणाला ठेवायचं नाही आता.

तो म्हणतो, ताईनं खरं कळवलं, त्याबद्दल दोन बरे शब्द लिहा. मी बसून पाहिलं. लिहिता येत नाहीत. राग आहे. तुम्ही शिकलेल्या बाई, एवढं छान लिहिता, आम्ही सगळे तुमच्या पत्राची वाट बघायचो. मी तर ट्रकचा आवाज आला की चुलीचा जाळ कमी करायचो.

आधी मला वाटायचं, मी तिला इतकी वर्षं चुकीचं घातलं. त्यामुळे स्वयंपाक नकोसा झाला होता. मीठ टाकताना हात थांबायचा. तुमचं पत्र वाचल्यावर तो भार उतरला, हे खरं. त्या दिवशी मी रस्सा केला आणि चव घेऊन पाहिली. चांगला झाला होता. पुष्कळ दिवसांनी मला तसं वाटलं.

पण मग दुसरं सुरू झालं. ती शेवटचे दिवस चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. मला वाटायचं, जुनी खोड आहे, तिच्या भल्यासाठी मन घट्ट केलं पाहिजे. आता कळलं की ती बरोबर मागत होती. माझ्याकडे सगळं होतं. तांदूळ होता, चूल पेटलेली होती, रोज चाळीस माणसांचं शिजत होतं. तिला दिलं नाही.

तेव्हा यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. तरी कळवलंत ते बरं केलंत. आज असं वाटतं, उद्याचं सांगता येत नाही.

कारभाऱ्याला जपा. तो मागेल तेव्हा त्याला द्या.

आचारी